वाचले / न वाचले

ती. मामांना साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद पडल्या पडल्याच द्या, कमरेला ताण नको.) कंबर धरून तुम्हाला आज बाविसावा दिवस, हे मी कॅलेंडर दोनदा पाहून लिहितो आहे. मामींनाही नमस्कार.

तुम्ही लावून दिलेली इस्पितळाच्या ग्रंथालयातली नोकरी अजून आहे, पण गेल्या सोमवारी जाता जाता राहिली. आमचे काम असे, की डॉक्टरांनी आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, ग्रंथपालबाईंनी त्यावर झालेले अभ्यास हुडकून त्यातले भरवशाचे तेवढे निवडायचे, आणि मी ते वॉर्डात पोचवून वहीत सही घ्यायची. पण नेलेले कागद कुणी वाचतो का, या काळजीने मला जेवण जाईना. म्हणून (बाईंना न विचारता) मी वहीत पट्टीने एक रकाना आखला : 'वाचले / न वाचले'.

सोमवारी कागद आणि ती वही हाडांच्या मोठ्या डॉक्टरांपुढे धरली. त्यांच्याच हाताखालच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले होते, की कंबर धरलेल्या माणसाला झोपवून ठेवावे का. मोठे डॉक्टर तीस वर्षे झोपवत आले आहेत. कडाडले, "तू मला शिकवणार? दहावी तरी झालास का?" मी म्हणालो, "नाही साहेब, गणितात राहिलो. पण 'न वाचले' असेल तर तिथेही सही लागते." सगळा वॉर्ड कान टवकारून होता. डॉक्टर उभ्याउभ्याच वाचू लागले. दुसऱ्या पानावर त्यांनी खुर्ची मागितली. (मला घाम फुटला होता, पण एक थेंब कागदावर पडू दिला नाही.) शेवटी नुसते "हं" म्हणाले, दहा दिवस पडून असलेल्या एका मास्तरांचे पाय नीट तपासले आणि स्वतः हात देत म्हणाले, "उठा मास्तर, खिडकीपर्यंत जाऊन येऊ." मास्तर कुरकुरत गेले, पण परत येताना हात सोडून आले. ग्रंथपालबाईंनी मला आधी फैलावर घेतले, मग तो रकाना छापूनच घेतला.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. : त्याच कागदांचा सोप्या भाषेतला सारांश (बाईंनी तपासलेला) सोबत आहे. पाय बधिर होत असतील किंवा लघवीला अडत असेल तर तडक डॉक्टर गाठा. नसेल, तर हात जोडतो मामा, उद्यापासून निदान फाटकापर्यंत चाला. तुमची उठबस करून मामींचे मनगट सुजले आहे, हे त्यांनी तुम्हाला सांगितलेले नाही.

आणखी ता. क. : सारांशाखाली रकाना आखला आहे. मामींना प्रत मंगळवारीच पाठवली होती. त्यांचे 'वाचले' सहीनिशी आले आहे. तेव्हा झोपल्याचे सोंग आता चालणार नाही.