पहिला ग्लास

३ जानेवारी
वैद्यबाईंनी वही करायला लावली. एकेक जिन्नस चार दिवस सोडायचा आणि पोट काय म्हणतं ते लिहायचं. बाई लेकीच्या वयाच्या. लहानपणी आमच्याच दूधकट्ट्यावर माझ्या म्हशीचं ताजं दूध पीत उभ्या राहायच्या, म्हणून उलट बोललो नाही. यापुढे पो. म्हणजे पोट, रोज कोण पूर्ण लिहीत बसणार. आज पो. फुगलेलं. तिखट बंद.

७ जाने.
चार दिवस बिनतिखटाचं कालवण. चवीच्या नावानं बोंब. पो. तसंच, वर मन नाराज. संध्याकाळी धार काढताना पोटात इतकी गुडगुड की गंगीनं मान वळवून बघितलं. म्हशीला कळलं, बाईंच्या औषधाला कळेना. ओवा चघळला. बाबांच्याच पत्र्याच्या डबीतला. बाबा होते तेव्हा त्यांना ओव्याची भारी आवड, सारखा दाढेत.
आजपासून चहा बंद.

११ जाने.
डोकं ठणकतंय. पो. जैसे थे. बायको म्हणाली, "आता दूध सोडून बघा की." चहाबरोबर शालनशी बोलणंही बंद.
मटण सोडलं.

१२ जाने.
शालन म्हणते तसं दूध सोडायचं कसं? कट्ट्यावर पहिला ग्लास गिऱ्हाइकांसमोर मालकानं प्यायचा, मग विकायचं. आजोबांनी पाडलेला पायंडा. बाबांनी पाळला, मी तीस वर्षं पाळतोय. मी हात आखडला तर उद्या अख्ख्या गंगावेस पेठेत होईल, म्हशीला कायतरी झालंय. आणि दूधवाल्यालाच दूध बाधतं हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

१५ जाने.
मेव्हण्याकडं जेवण होतं. तांबडा रस्सा समोर आणि मी वरणभात. सगळ्यांनी, फार दिवस राहिले नाहीत आता, असं माझ्याकडं बघितलं. घरी येऊन रोजचं अर्धा लिटर दूध प्यायलो, तेवढाच आधार. पो. नगारा.
कारण सापडत नाही. वांगं आणि शेंगदाणे अजून बाकी आहेत.

१७ जाने.
बाईंनी वही वाचली. "काका, यात दूध कुठं दिसत न्हाय." मी म्हणालो, दूध हा जिन्नस नाही. बाई हसल्या नाहीत. वय वाढलं की काहींना दूध पचेनासं होतं, ताक मात्र बऱ्याच जणांना सोसतं, असं म्हणाल्या. उद्यापासून चार दिवस दूध बंद.
शालन शेजारीच बसलेली. तिनं वही मिटून पिशवीत टाकली, हेच जास्त लागलं.

१८ जाने.
शालनची युक्ती. घरूनच स्टीलच्या ग्लासात ताक, फेस येईतो घुसळलेलं. पहिला ग्लास म्हणून तेच प्यायलो, चोरासारखं. मिशीला पांढरं लागलं, कुणाला संशय नाही. बाबांची मात्र लाज वाटली.
पो. ...बघू.

२० जाने.
पो. गप्प. तिसरा दिवस. सकाळी पाच मिनिटांत मोकळा. इतकं बरं वाटलं की रडू आलं. शालनला सांगायचं अजून धाडस होईना, पण तिला कळलंय. कालवणात परत तिखट पडलं.

२१ जाने.
पकडलो गेलो. बाजीराव पैलवान बाबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, सत्तरी ओलांडली तरी दूध चुकत नाही. त्यांनी माझा ग्लास घेतला, हुंगला आणि परत दिला. बाकीच्यांना कळू दिलं नाही. गर्दी पांगल्यावर म्हणाले,
"पचत न्हाय व्हय?"
मी मान हलवली.
"तुझ्या बापालाबी कुठं पचत हुतं. सारखा ओवा कशापायी चघळायचा त्यो, आवड म्हणून?"
घरी येऊन डबी घेऊन बसलो. बाबांवर राग आला. मग त्यांचं पोट आठवलं आणि राग टिकला नाही.

२२ जाने.
बाईंचे चार दिवस काल संपले. आज काय करायचं ते माझं मी ठरवायचं. शालननं पिशवीत दोन ग्लास ठेवलेत, एक ताकाचा, एक दुधासाठी रिकामा. डबी मी भरून घेतली नाही, पण खिशात आहे. बाबांनी आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं असतं तर मीही असं लपवत बसलो नसतो.
पाच वाजले. गंगी ओरडतेय, गिऱ्हाइकं येतील.