सुदानला जाण्याचा ठराव

सोसायटीची कचेरी,
लोहाऱ्यापासून दोन कोस
दि. २२ एप्रिल १९८६

मित्रवर्य सादिकमियाँ, मुक्काम मस्कत, यांस नानासाहेब सेक्रेटरीचा आधी सलाम, मग रामराम. आम्ही सगळे इथं आहोत. (खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण खोटं फक्त प्रोसिडिंग बुकात लिहायचं, असं सध्या ठरवलं आहे.) तुझी तब्येत कशी आहे? तुझं शेवटचं पत्र येऊन पाच महिने झाले. तुझी आई, लालबीमावशी, दर मंगळवारी टपालाच्या वेळेला कचेरीच्या पायरीवर येऊन बसते आणि "आला का रं नाना कागद?" एवढंच विचारते. नाही म्हटलं की माझ्याकडं असं बघते, जसं काही मीच तुझी पत्रं गिळून बसलो आहे. म्हातारीची झोप उडाली आहे आणि खरं सांगायचं तर माझीही. तेव्हा सगळी कामं बाजूला ठेवून उत्तर टाक.

शेवटच्या पत्रात तू लिहिलं होतंस की नाना, तुम्ही पण देश सोडा, ऊन आणि धूळ इकडंही आपल्यासारखीच आहे. ते माझ्या डोक्यात बसलं. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी तोंड फिरवलंय, विहिरींचे तळ उन्हात तडकलेत, टँकर आठवड्याला एक. पण मी पडलो सहकारी माणूस. एकट्यानं पळून जाणं मला जमत नाही, मला पोटनियम लागतात. म्हणून सगळ्या गावानंच सोसायटीमार्फत परदेशी जावं, असा विषय मी सभेपुढं आणला. अट एकच, देश हुबेहूब आपल्यासारखा पाहिजे, पाणी तेवढं जास्त. उमाबाईला ज्वारीची भाकरी पाहिजे. महालिंगप्पाला समुद्र दिसता कामा नये, त्याला नुसत्या नकाशातल्या निळ्या रंगानं गरगरतं. चेअरमन शरणबसप्पांना तिथंही चेअरमनच म्हणावं लागेल. आमच्या मथुराबाईनं, जिथं माझ्याकडचे पाहुणे पोचणार नाहीत असा कुठलाही देश चालेल, असं सांगितलं. (ही अट मी बायकोची म्हणून इतिवृत्तात घेतली नाही.) तुझं मस्कत समुद्रामुळं पहिल्याच फेरीत बाद झालं, वाईट वाटून घेऊ नकोस. शाळेतला नकाशा आणला तर निम्मी आफ्रिका वाळवीनं खाल्लेली. वाचलेल्या निम्म्यात सुदान होता. उमरग्याच्या एका शेतकी साहेबांनी सांगितलं की तिथं लोक ज्वारी खातात, गुरं पाळतात आणि उन्हानं काळे पडतात. म्हणजे आपणच की! फक्त त्यांच्या नदीला पाणी आहे.

आता कोरमची भानगड. तुला आपली पद्धत ठाऊक आहे. सभासद मेला तरी वारस अर्ज करत नाहीत, नाव यादीत तसंच राहतं. कोरम पन्नासचा. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, सभेला जिवंत माणसं एकोणीस. उरलेले एकतीस मी वर्षानुवर्षं मयतांतून भरतो. सगळ्या अंगठ्यांचे ठसे सारखे दिसू नयेत म्हणून कष्टही घेतो. कोंडिबा म्हणजे माझ्या डाव्या पायाचा अंगठा. तुझे अब्बा बाबामियाँ म्हणजे माझी उजवी करंगळी. (माफ कर. त्यांना मी नेहमी पहिल्या ओळीत बसवत आलो आहे.)

सुदानच्या सभेच्या दिवशी भर दुपारी मी शाईचा डबा उघडला, पायातली चप्पल काढली आणि रजिस्टर उघडलं, तर एकतीसच्या एकतीस ठसे आधीच उठलेले. शाईचे नव्हते, चिखलाचे होते. बोट लावून पाहिलं, ओला आणि थंड, विहिरीच्या तळचा गाळ असतो तसा. सादिक, त्या दिवशी सगळ्या गावात चूळ भरायला पाणी नव्हतं, चिखल कुठून येणार? आणि कोंडिबाचा ठसा अर्धा होता. त्याचा अंगठा कडबा कापताना अर्धा तुटला होता, हे मी इतकी वर्षं साफ विसरलो होतो.

सभा मी कशीबशी उरकली. एकोणीस हात सुदानसाठी वर झाले, मी "सर्वानुमते मंजूर" असं लिहिलं आणि घरी येऊन पांघरूण घेऊन पडलो. (एप्रिलमध्ये!) सकाळी प्रोसिडिंग उघडलं, तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "बाजूने एकोणीस, विरुद्ध एकतीस. ठराव नामंजूर." शरणबसप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "नानासाहेब, सही-शिक्क्याचं हाय. कायदेशीर हाय. आन् त्यानला पासपोर्ट तरी कोण देतंय?" उमाबाई मात्र पदर तोंडाला लावून बसली. "आपुन समदे गेल्यावर त्यानी कुणाकडं बघायचं?" म्हणाली. मला भीती वाटली, आणि लाजही वाटली. एकतीस जणांना मी फक्त हजेरीपुरतं वापरलं, त्यांनाही मत असेल असं कधी मनात आलं नाही.

तरी गाव जगवायचं तर हलायला पाहिजे. म्हणून काल मी तांबड्या शाईनं एकतीस नावं यादीतून कमी केली, प्रत्येक नावापाशी हात जोडले आणि आज दुपारी फेरसभा बोलावली आहे. निकाल लागताच कळवीन. घरच्यांचा तुला आशीर्वाद, तुझ्या खोलीवरच्या मंडळींना आमची याद.

तुझा,
नानासाहेब

ता. क. पाकीट चिकटवायचं ठेवून सभेला गेलो, आता सभा संपवून लिहितो आहे. खोडलेल्या नावांपुढं एकतीस ठसे पुन्हा आले. सुदान रद्द. आम्ही इथंच राहतो.

ता. क. २. एवढंच लिहून थांबणार होतो. पण ठसे एकतीस आणि त्यांच्याखाली एक सही आहे. तू परदेशी गेल्यापासून तुझ्या नावापुढं मी इमानानं "गैरहजर" लिहितो, कारण जिवंत माणसाची खोटी सही करायची नाही, हा माझा नियम आहे. आज तिथं तुझी सही आहे, शेवटच्या अक्षराची शेपटी ओढलेली, ओल्या चिखलात.

ता. क. ३. आज मंगळवार, लालबीमावशी टपालासाठी आलेलीच होती; मी रजिस्टर झाकायच्या आत तिनं ती सही बघितली. तिला वाचता येत नाही, पण तुझ्या प्रत्येक पत्राखालची ती शेपटी तिला पाठ आहे. "आला की माझा सादिक! कुठं हाय?" म्हणून हसली आणि घरी जाऊन तुझ्या आंघोळीसाठी घागरभर पाणी काढून ठेवलं. टँकर परवा येणार आहे, आणि ती त्या घागरीला कुणाला हात लावू देत नाही. तिला काय सांगू, ते तुझ्या हातानं सविस्तर लिही. नुसती सही पाठवू नकोस.