बोडीतली चुटचुट

कुडवा, गोंदिया
६ ऑगस्ट २०१४

प्रिय बंटी,

नागपूरहून पाठवलेला डबा पोचला. लाल कवचाचे, मोठ्या नांग्यांचे ते परदेशी झिंगे तुझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात शोभत असतील. इथं डबा उघडला तर शेजारचे यादोराव म्हणाले, "काऊन गा उदाराम, पोरानं विंचू पाठवले का?" मी म्हटलं, धंदा पाठवला.

तुझा बेत मी नीट ऐकला होता. हे आपल्या बोडीच्या तळ्यात वाढवायचे, नागपूरच्या हॉटेलांना द्यायचे, आणि रविवारी तुझा भागीदार बाकीचं बीज, म्हणजे यांची पिल्लं, ड्रममध्ये घेऊन येणार. मीही धंदेवाला, नाही म्हणायला कारण लागतं. म्हणून ते चार लाल पाहुणे आधी अंगणातल्या हौदात सोडले, सोबतीला बोडीतले मूठभर झिंगे नि दोन लहान खेकडे. माझे कान तुला माहीत आहेत. सायकलला टोपली बांधून गोंदियाच्या बाजारात यायचो तेव्हा मागं झिंग्यांची चुटचुट चालू आहे तोवर माल जिवंत, हे ऐकत पायडल मारायचो. हौदाजवळ खाट टाकून तसाच ऐकत बसलो. दुसऱ्या दुपारी चुटचुट बंद. तळाशी खेकड्यांच्या नांग्या तेवढ्या उरल्या. मग न्हाणीच्या टिनावर खरखर ऐकू आली. एक पाहुणा हौद चढून, अंगण ओलांडून नालीकडं चालला होता. आई म्हणाली, "याले तर रस्ता बी माहीत आहे."

तिथंच माझं ठरलं. हौदातून निघणारा बोडीत थांबेल होय? पाणी सांडलं की खालच्या धानाच्या बांध्यांत, तिथून नाल्यात, पुढं चोरखमाऱ्याच्या तलावापर्यंत. आपले खेकडेही बांध पोखरतात, त्यांना शिव्या मीच घालतो. पण त्यांच्याच रश्श्यावर आणि आईनं जुन्या लुगड्यानं गाळलेल्या झिंग्यांवर तू वाढलास. सुशिलाबाई नि टोली वस्तीतल्या बायका आजही त्या नाल्यात झिंगे गाळतात. बोडी माझ्या नावावर आहे, पुढं जाणारं पाणी नाही.

तेव्हा बीज बोडीत पडणार नाही. रविवारी बांधावर खुर्ची टाकून बसणार आहे. भागीदाराला चहा पाजीन, ड्रम परत पाठवीन. तुझे चार पाहुणे आईनं लसूण-मिरची घालून शिजवले. चवीला बरे होते, कुणाला सांगू नकोस.

आता म्हणशील, बाबा, एवढं फोनवर काऊन नाही बोलले? बोलता येत नाही रे. हे तिखट कान तुझ्याच आवाजापुढं हरतात. "बाबा, ऐका ना" म्हणालास की गाडी काय, दुकान काय, भागीदार काय, सगळ्याला मी हो म्हणून बसलो. या वेळी नाही म्हणायचं होतं, म्हणून लिहून राहिलो. आईचा नि माझा, दोन्ही मोबाइल बंद करून तांदळाच्या कोठीत टाकले आहेत. सोमवारी काढीन. मग पाहिजे तेवढा भांड. आधी बोडीतल्या झिंग्यांची टोपली फोनजवळ धरीन, ती ऐक.

तुझाच,
बाबा