बटाटे कुणी सोलायचे

तोरुन,
१६ नोव्हेंबर १९८६

प्रिय रेगिना,

तू मजेत असशील. मीही बरी आहे. डोळा आता इतका सुधारलाय की टेबलापलीकडच्या पत्त्यांतले बदाम आणि चौकट वेगळे दिसतात. कोबी यंदा छान आंबलाय, तुझी एक बरणी बाजूला ठेवली आहे. दोन गल्ल्या ओलांडून आणून दिली असती, पण समोरासमोर आले की मी भांडते, हे तू एकोणीस वर्षं बघतेच आहेस. म्हणून पत्र.

बिद्गोश्चच्या ब्रिज स्पर्धेचं कळलं. क्लबात दुसरा विषयच नाही. तू सहाची बोली लावलीस, म्हणजे एकच हात गमावायची मुभा, आणि समोरच्यांनी पहिल्या दोन हातांतच दोन एक्के टाकून तुम्हाला पाडलं. तू भर हॉलमध्ये ब्रोन्याला म्हणालीस म्हणे, "बाई, एक्के मोजता येत नसतील तर घरी बसून स्वेटर विणा." बिचारी कोट विसरून निघून गेली.

बिचारी म्हटलं खरं, पण मला ती अजिबात आवडत नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिन्यांपुरतं तू तिला जोडीदार घेतलंस. "तू बरी झालीस की आपण आहोतच, तेक्ला," हे तुझेच शब्द. मी बरी झाले, तर म्हणालीस, "आता संघाच्या निवडीपर्यंत राहू दे. आमचं जमत आलंय." आणि वर, "सरावाचे डाव तूच वाटून दे ना. तुझ्याइतके नीट कुणाला जमणार?"

दिले ना! तुझ्या तेरा पत्त्यांची एक चिठ्ठी, तिच्या तेरा पत्त्यांची दुसरी, असे चाळीस डाव. एकमेकींचे पत्ते न बघता बोल्या लावायच्या आणि मग ताडून पाहायच्या, आपण करायचो तसं. ती पाकिटं द्यायला मी एकदा आले होते, ते तुला ठाऊक नाही. खिडकीतून दिसलं. ब्रोन्याबाई स्टुलावर बसून बटाटे सोलत होत्या, माझ्या सुरीने, आणि तू हसत होतीस.

जिची बोली चुकेल तिने बटाटे सोलायचे, हा नियम आपल्या दोघींचा होता, रेगिना. तू तिच्याबरोबर खेळलीस, ते मी गिळलं असतं. ती सुरी बघून मात्र अंगाचा तिळपापड झाला. पाकिटं घेऊन तशीच परत आले.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

तिने शिकायला आपली बोल्यांची वही मागितली होती. चौदाव्या पानावर, 'एक्के किती' या बोलीतूनच विचारायच्या प्रश्नाला 'पाच किलवर' हे उत्तर आलं तर 'एकही नाही' असं लिहिलंय. सहा वर्षांपूर्वी आपण ते बदलून 'एक' केलं आणि वर चिठ्ठी चिकटवली. ती चिठ्ठी मी किटलीच्या वाफेवर धरून सोडवली आणि मग वही तिला दिली. चाळीसच्या चाळीस डावही नव्याने लिहिले, एकातही एक्के विचारायची वेळ येऊ नये असे, म्हणजे सरावात हा घोळ उघडा पडायला नको. दुखऱ्या डोळ्याने दोन दिवस बसले होते.

त्या दिवशी ब्रोन्याकडे एकही एक्का नव्हता. वहीत होतं तसं ती 'पाच किलवर' म्हणाली. तू एक धरलास. ती चुकली नव्हती.

तुम्ही हरल्याचं ऐकून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग काल पावाच्या रांगेत ती भेटली. म्हणाली, "तेक्लाताई, तुमची वही आणून देते. मी खेळ सोडला. माझं डोकंच चालत नाही हो. रेगिनाताईंना तुम्हीच पाहिजे." अगदी हेच मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मी "बरं" म्हणाले आणि पाव न घेताच घरी आले.

चिठ्ठी सोबत पाठवते आहे, ब्रोन्याकडून वही घेऊन चौदाव्या पानावर चिकटव. हे पत्र ब्रोन्याला वाचून दाखव, माझ्या नावासकट. जानेवारीच्या निवडीत तिच्याबरोबरच खेळ. मला ती अजूनही आवडत नाही.

शनिवारी दुपारी येते. दार उघडलंस तर एक शब्द बोलणार नाही. तुम्ही दोघी बोल्या लावा. स्टूल आणि सुरी मला दे, बटाटे मी सोलते.

तुझी एके काळची जोडीदार,
तेक्ला