कंपनीले माझी गरज आहे

३ मार्च, सोमवार
आज भनपुरीच्या ऑफिसातून सात लोक काढले. मले धरून सात. पण माझी केस वेगळी. बाकीच्या सहा जणायले नुसता मेसेज. मले मात्र एचआरच्या शर्मिष्ठा मॅडमनी केबिनमध्ये बोलावून, खुर्ची देऊन सांगितलं. एकोणीस वर्षं मी या कंपनीचे ट्रक रस्त्याले लावले. मॅडम म्हणाल्या, गंगाधरजी, आप तो परिवार हैं. परिवारातल्या माणसाले कोणी काढते का? दोन-तीन हप्त्यांत बोलावतील.
यामिनीले 'ब्रेक' आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, काहाचा ब्रेक? बायकोले कॉर्पोरेट भाषा समजत नाही.

५ मार्च, सकाळी ९
तयार. इस्त्रीचा शर्ट, बूट. शिस्त सोडायची नाही. सोफ्यावर बसलो.
श्रावणी कॉलेजले जाताना म्हणाली, पापा, जूते तो उतार दो. बापाशी हिंदीत बोलते आणि तेही उद्धट. झापलं. बूट दुपारी दोनपर्यंत काढले नाहीत.

११ मार्च
ऑफिसातून फोन!!
अभिनवचा. माझ्या जागेवर बसवलेला एमबीए. ओडिशाच्या नाक्यावर तीन गाड्या अडकल्या, याले काय करावं सुचेना. सव्वा तास समजावलं. वरून माझ्या वहीतले सगळ्या ड्रायव्हरांचे नंबर फोटो काढून पाठवले. वीस वर्षांचा अनुभव असा लागतो, बेटा. (एकोणीस.)
यामिनी म्हणाली, फुकटात करून राहिले का? कोत्या मनाशी काय बोलायचं.

१४ मार्च, धुळवड
यशवंतराव रंग लावायले आले. काढलेल्या सहांपैकी एक. खिशात कागद. सहाही जण मंगळवारी लेबर ऑफिसात तक्रार देऊन राहिले, मीही सही करावी म्हणे. खवळलो. म्हटलं, खाल्ल्या घरचे वासे मोजता? ते म्हणाले, घर काहाचं, गंगाधर? आपण तिथं भाड्यानं होतो.
लगेच हाकललं. गुलालही पुसून टाकला.
मग मॅडमले फोन केला. सहा नावं सांगितली, मंगळवार सांगितला. ही चुगली नाही. ही निष्ठा. मॅडम म्हणाल्या, आप जैसे लोग मिलते नहीं.

१९ मार्च
मॅडमनी बोलावलं! गेटवर एन्ट्री करावी लागली. गार्ड नवा आहे, माफ केलं.
नोकरी मी स्वेच्छेने सोडली, असं लिहून पाहिजे होतं. फॉर्मॅलिटी. त्यांनी तीन ओळी मागितल्या, मी दीड पान दिलं. शेवटी 'कायम ऋणी'. मॅडमनी वाचलंच नाही, फक्त सही पाहिली. एवढा विश्वास.
यामिनीले सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही न वाचता सही केली? म्हटलं, वाचायचं काय, मीच लिहिलं. तेव्हापासून बोलत नाही. घर शांत. छान.

२ एप्रिल
लेबर ऑफिसात समझोता झाला. सहाही जणायले सोमवारपासून परत घेतलं.
कामचोरांले! तक्रारखोरांले!
मॅडमले चार फोन. मीटिंगमध्ये. पाचवा ऑफिसच्या नंबरवर, तो अभिनवनं उचलला. म्हणे, सर, आपने तो खुद छोड़ा था ना? फाइल में है. म्हटलं, मॅडमले दे. मॅडम नाहीत म्हणे. मग म्हणे, सर, बागबहराच्या त्या ड्रायव्हरचा नंबर लागत नाही, दुसरा आहे का?
दिला.

७ एप्रिल, सोमवार
गेटसमोर उभा राहिलो. सहज. मॅडमची गाडी गेली. काच काळी आहे, दिसलो नसेन.
सहाही जण आले. कोणी नमस्कार केला नाही. यशवंतराव तेवढे थांबले. म्हणाले, गंगाधर, आमचा मंगळवार कंपनीले कोणी सांगितला, ते आम्हाले माहीत आहे. आणि आत गेले.
माणसं किती आतल्या गाठीची असतात.

९ एप्रिल
यामिनीनं मले न विचारता तिच्या भावाशी बोलून अभनपूरच्या राइस मिलमध्ये भेट ठरवली. बसनं गेलो. फक्त पाहायले.
मुनीम लुंगीवर. ना केबिन, ना एसी. मशीनचा असा आवाज की डोकं फुटावं. त्यानं विचारलं, पहिले वाली नौकरी काहे छोड़े? मी उत्तर बसमध्येच तयार केलं होतं. 'म्युच्युअल डिसिजन' म्हटलं. त्यानं ऐकू येत नाही म्हणून कानामागे हात धरला. 'स्वेच्छेने' म्हटलं. तेही ऐकू गेलं नाही.
शेवटी म्हटलं, निकाल दिया.
तो म्हणाला, जोर से.
मी ओरडून सांगितलं. तेवढ्यात मशीन बंद झाली. पोती शिवणाऱ्या बाया हात थांबवून पाहायले लागल्या.
मुनीम म्हणाला, हव, ठीक है. कल सुबह सात बजे आ जाना.