उन्हाला मेन नसतो

पवनार, ३० मे

प्रिय धनू,

तुझ्या कंपनीचा कागद मिळाला. कुरिअरवाला ऊन चुकवायला सकाळी साडेसातलाच दारात उभा होता. सही कुठे करायची तिथे तू पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहेस. सव्वीस वर्षं शाळेत शिकवते आहे मी, फुल्या मारायचं काम एरवी माझं असतं.

आधी घरचं. पारा पंचेचाळीसवर आहे आणि तुझं छप्पर बंद आहे. तुझी दोन माणसं आली, वरून काळी ताडपत्री बांधून गेली. वर्षभर ज्याने गावभर मिरवलं, ते छप्पर आता बुरख्यात बसलं आहे. लोक विचारतात, मी उन्हावर बोलते.

कसं कौतुक झालं होतं रे त्याचं! घराच्या डोक्यावर खाटा उलट्या टाकल्यासारखे सोलर पॅनल नकोत, मातीच्या कौलांसारखे दिसणारे कवेलूच वीज करतील, हा तुझा हट्ट. रंग तोच, गोलाई तीच, जुनेपणाचा काळपटपणासुद्धा तोच. आलेल्या पाहुण्याला मी विचारायची, यातले विजेचे कुठले ते ओळखा. शेजारचे भैयाजी तीनदा हरले. तुला बक्षीस मिळालं तेही याचंच, यंत्र आहे पण दिसत नाही म्हणून. कळलं फक्त वानरांना. पहिल्याच दुपारी बुड भाजलं आणि त्यांनी आपला मुक्काम उत्तरेच्या बाजूला, जुन्या कवेलूंवर हलवला. परीक्षक मंडळात एखादं वानर हवं होतं.

तुझ्या कागदात ‘एक अनधिकृत व्यक्ती’ असा उल्लेख आहे. मी तो दोनदा वाचला. तानबाकाका म्हणजे. तू चौथीत असताना तुला खांद्यावर बसवून शिडी चढणारे. बोटाने वाजवून फुटका कवेलू कसा ओळखायचा, हे त्यांनीच तुला शिकवलं. पेपरातल्या पहिल्या मुलाखतीत तू ते अभिमानाने सांगितलंस, कात्रण आहे माझ्याकडे. बाबांच्या वेळेपासून दर मे महिन्यात ते आपणहून येतात, सगळे कवेलू उतरवतात, झाडतात, फुटके बदलून पुन्हा बसवतात. बोलावणं नाही, विचारणं नाही. पावसाच्या आधी कवेलू फेरायचे, हे गावात कुणाला सांगावं लागतं का?

यंदाही आले. दोन दिवसांत उत्तरेची बाजू झाली. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला कमरेवर हात ठेवून दक्षिणेकडे बघत म्हणाले, “या बाजूनं काय गुन्हा केला वं नलू? गळलं तं मलेच नावं ठेवशीन.” मी म्हटलं, काका, ते धनूचे आहेत, विजेचे. तर हसले. “मंग मेन पाड ना. वायरमन नाई चढत का खांबावर?”

कागद म्हणतो, ते विनापरवानगी चढले. नाही धनू. मी मेन पाडला. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. सगळं घर गप्प झालं तेव्हा मी अंगणात येऊन सांगितलं, बंद केलाय, चढा आता.

पाच-सहा कवेलूंनंतर खाली वायर अडली. त्यांनी ती ओढून सोडवली. निळा जाळ दिसला. मग आवाज आला तो काकांचा नव्हता, ते ज्यावर पडले त्या टिनाचा होता. खुब्याचं हाड मोडलं, उजवा पंजा भाजला. दोन बोटं आता वळणार नाहीत म्हणे, कवेलू वाजवायची तीच. दवाखान्यात काकांच्या उशाशी बसलेल्या सीताकाकूंनी माझा हात धरून विचारलं, “मेन तं बंदच होता ना वं बाई?” माझीच बाजू घेत होत्या त्या. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत आहे. शुद्धीवर आल्यावर काकांचं पहिलं बोलणं ऐक: “धनूले नको सांगजो, त्याचे कवेलू फुटले माह्या हातून.”

तू दिलेली चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका मी गव्हाच्या कोठीच्या डुगडुगत्या पायाखाली घातली होती. परवा काढून वाचली. तिसऱ्याच पानावर लिहिलंय, मेन बंद केला तरी ऊन आहे तोवर कवेलूंत वीज असते. उन्हाला मेन नसतो. ताडपत्री असते.

आता तुझ्या कागदातला चौथा मुद्दा: ‘धोक्याच्या पिवळ्या पट्ट्या ठळकपणे लावलेल्या होत्या.’ होत्या की. पाच होत्या, वळचणीला ओळीने, कवटीचं चित्र असलेल्या. परीक्षक यायच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला. ताई, तेवढ्या पट्ट्या काढून टाक, फोटोत घर नाही, विजेची डीपी वाटते. मी हसले. स्टुलावर चढून रॉकेलच्या चिंधीने घासून काढल्या. पाचवीचा डिंक निघेना, तो नखाने खरवडला. पुन्हा लावायचं तू म्हणाला नाहीस, मीही विचारलं नाही. छप्पर दिसत होतंच इतकं सुंदर!

मी फुलीवर सही केली की चूक काकांची ठरेल, फाइल मिटेल, आणि पंधरा जूनला कारंज्याच्या शाळेवर तुझे कवेलू चढतील, तसेच, न ओळखू येणारे. त्या शाळेचेही कवेलू दर मे महिन्यात कुणीतरी फेरत असेलच. म्हणून हे पत्र. तुझा कागद सहीशिवाय परत पाठवते आहे. सोबत माझा एक आहे. पट्ट्या कुणी काढल्या आणि कुणी काढायला लावल्या, एवढंच त्यात आहे. एक प्रत सीताकाकूंच्या हातात दिली, वाचून दाखवली. त्यांनी ती घडी घालून काकांच्या एक्स-रेच्या पाकिटात ठेवली. काका मात्र रोज विचारतात, धनू काऊन येऊन नाई राह्यला? कागदावर नावं दोन आहेत. मोठी म्हणून माझं वर आहे, सहीसकट. तुझ्या नावापुढची जागा कोरी ठेवली आहे. तिथे मी फुली मारलेली नाही.

तुझीच,
नलूताई