अपुऱ्या उत्तराला किती मार्क

तिसगाव, १६-१०-७२
सहामाहीचे विज्ञानाचे पेपर आले. यंदा रसायन नवे बी.एस्सी. भालेराव शिकवतात, तो भाग तेच तपासणार; पदार्थविज्ञान मी. पंधरा वर्षं दोन्ही मीच शिकवत होतो. मु.अ. म्हणतात, "तुमचा भार हलका केला." भार हलका केला की काटा काढला, देव जाणे.

१८-१०
नववीतल्या कौसल्याचा बाप आला. "गुर्जी, समद्यात पास झाली तर ऱ्हाईल मामाकडं. न्हाईतर ऊसतोडीला आमच्यासंगं. सोमवारी ट्रक येतोय." तोडीला गेलेली पोर वर्गात परत आलेली मी तरी पाहिली नाही.

२०-१०
निकाल लागला. कौसल्या विज्ञानात ३२, तीन मार्कांनी नापास. भालेरावांनी चार मार्कांच्या प्रश्नाला भोपळा दिलाय. तिनं लिहिलंय: ऑक्सिडीकरण म्हणजे प्राणवायूशी संयोग. माझीच व्याख्या! तिची चुलतबहीण माझ्याकडे शिकलेली, तिच्या जुन्या वहीतून पाठ केलेली. हा भोपळा तिला नाही, मला आहे. डाव ओळखला.

२१-१०
भा.ना गाठलं. म्हणे, आता इलेक्ट्रॉन गमावणं ही व्याख्या. प्राणवायू नसला तरी चालतं.
"मग लोखंड गंजतं ते?"
"तेही त्यातच बसतं, सर. जुनं खोटं नाही, अपुरं आहे."
"मग अपुरे मार्क द्या की! शून्य कसलं?"
निमूट दोन दिले. इतक्या सहज? वर म्हणतात, "एक तुमच्या भागात सापडतो का बघा." खोचक माणूस.

२२-१०, रवि.
तिचा माझ्याकडचा भाग पुन्हा काढला. उष्णता म्हणजे काय? 'पदार्थातल्या कणांची हालचाल.' मी शून्य दिलंय, चांगलं ठसठशीत. तेव्हा वाटलं, भा.नी पढवलंय. माझ्या वहीत 'ऊर्जेचं एक रूप' एवढंच. तिचं जास्त खोल आहे, कबूल.
पोरीनं त्यांना माझं उत्तर लिहिलं आणि मला त्यांचं. दोघांनी मिळून बुडवली. फार लाज वाटली. शून्य खोडून दोन दिले; एकूण ३६, पास. मु.अ.च्या घरी जाऊन बदललेल्या निकालावर सही आणली.

२३-१०
सकाळीच स्टँडवर. ट्रकमध्ये बोचकी चढली होती, कौसल्याही. बापाला म्हटलं, पास आहे, उतरवा तिला.
तो सहीकडं बघतच राहिला. "शुक्रवारी नापास, आज पास. तुमीच सांगताय दोन्ही. आन परवा परत बदाललं तर? तवर ट्रक गेल्याला आसंल, गुर्जी."
मी म्हटलं, नाही बदलणार. पण ते इतकं हळू म्हटलं की...
ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कौसल्या अजून वरच होती.